खालून कापलेली नोंद

अहवालाच्या पहिल्या ओळीत 'हल्ला' हा शब्द होता. सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी दारव्ह्यातील एका इंटरनेट जोडणीवरून संस्थेच्या संगणक केंद्रावर हल्ला झाला. नव्या यंत्राने तो सहा सेकंदांत ओळखून रोखला. संबंधित अर्ज केंद्राचे लॉगिन बंद करण्यात यावे. खाली सही नव्हती. यंत्राने आपोआप काढलेल्या अहवालाला सही लागत नाही.

जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर माझी चौदा वर्षे गेली. तिथे 'हल्ला' छापायचा तर कोणी, कोणावर, कशाने आणि कोणाला किती लागले, या चार प्रश्नांची उत्तरे बातमीदाराला द्यावी लागत. उत्तरे नसतील तर शब्द बदलला जाई. बहुतेक वेळा त्याची 'बाचाबाची' होई. या हल्ल्याची चारही उत्तरे उपलब्ध होती, पण ती कोणी विचारली नाहीत. दारव्ह्याच्या बाजाराच्या दिवशी, बाजारपेठेमागच्या गल्लीतल्या एका दुकानात, एक बाई लॅपटॉपसमोर बसली होती. दुकानातल्या बाकावर आणि बाहेरच्या ओट्यावर तांड्यांवरची पन्नासेक माणसे मुलांचे दाखले प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घेऊन थांबली होती. बाई त्या मुलांचे वसतिगृहाचे अर्ज भरत होती. कोणालाही काही लागले नाही. सहावा अर्ज अर्ध्यावर असताना पडदा पांढरा झाला, एवढेच.

दैनिकाची जिल्हा आवृत्ती बंद झाल्यावर यवतमाळच्या एका शिक्षण संस्थेच्या संगणक केंद्रात मला कंत्राटावर काम मिळाले होते. पदाचे नाव 'दस्तऐवज लेखक'. संस्थेच्या शाळा आणि वसतिगृहे बाभुळगाव, दारव्हा, केळापूर अशी पसरलेली आहेत आणि प्रवेशाचे अर्ज काही वर्षांपासून फक्त ऑनलाइन घेतले जातात. मोबाइलला रेंज नसलेल्या वस्त्यांसाठी संस्थेने अर्ज भरून देणारी केंद्रे नेमली. दारव्हा तालुक्यातल्या एका तांड्याचे केंद्र या बाईकडे होते. ती त्याच तांड्यावरची, बारावी झालेली, तिशीच्या पुढची. तांड्यावर वीज होती, रेंज नव्हती. म्हणून ती बाजाराच्या दिवशी लॅपटॉप घेऊन जीपने दारव्ह्याला येई आणि भावाच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसे. आसपासच्या चार तांड्यांवरची माणसे त्याच दिवशी बाजाराला येत. आधी अर्ज, मग बाजार, अशी रीत पडून गेली होती.

ही माणसे दुसऱ्या केंद्रावर जात नसत. तिथे प्रश्न मराठीत विचारला जाई आणि उत्तर यायला उशीर झाला की विचारणारा पुढच्या माणसाकडे पाही. इथे बाई बंजाऱ्यांच्या गोर बोलीत विचारी. जन्मतारीख ठाऊक नसेल तर त्या वर्षी ऊसतोडीची टोळी कुठे गेली होती, असे विचारून ती महिना काढी. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला जाणार, म्हणून मुलाला वसतिगृह हवे, हा यातल्या बहुतेक अर्जांचा अर्थ होता. तिचे लॉगिन बंद होणे म्हणजे चार तांड्यांचे अर्ज बंद होणे. अर्जांची शेवटची तारीख बारा दिवसांवर होती आणि त्याआधी एकच बाजार उरला होता.

आता यंत्राविषयी. संस्थेचे संकेतस्थळ एका नव्हे, चार संगणकांवर चालते. बाहेरून येणारी प्रत्येक मागणी आधी त्यांच्यापुढे बसवलेल्या एका यंत्राकडे जाते आणि ती कोणत्या संगणकाकडे पाठवायची हे ते यंत्र ठरवते. त्याला लोड बॅलन्सर म्हणतात. दारव्ह्याच्या जीप अड्ड्यावर एक माणूस उभा असतो. ही भरली, तुम्ही तिकडच्या गाडीत बसा, असे म्हणत तो गर्दी वाटून देतो. काम तेच. अड्ड्यावरच्या माणसाप्रमाणे यंत्रालाही काही गोष्टी सांगून ठेवाव्या लागतात: कोणाला कुठे पाठवायचे, कोणाला थांबवायचे, एकाच जोडणीवरून एका मिनिटात किती मागण्या येऊ द्यायच्या. असे दोनशे बारा नियम जुन्या यंत्राच्या फायलीत होते.

ती फाइल बारा वर्षे एकाच माणसाने लिहिली होती. तो संगणक केंद्राचे नेटवर्क सांभाळणारा. निवृत्तीला दोन वर्षे उरलेला. सगळे त्याला काका म्हणत. प्रत्येक नियमाखाली तो नियम का केला हे मराठीत लिहून ठेवायची त्याची पद्धत होती. 'केळापूरच्या वसतिगृहातला संगणक फार जुना आहे, नवीन पद्धतीने बोलत नाही, त्याला तिसऱ्याकडे पाठवावे.' 'हा नियम साहेबांच्या फोनवरून केला, लेखी मागितले होते, दिले नाही.' दारव्ह्याच्या दुकानाच्या नियमाखाली तीन ओळी होत्या: 'तात्पुरती सवलत. या जोडणीला मिनिटाची मर्यादा लावू नये. तांड्यावर टॉवर उभा राहून लोक आपापल्या फोनवरून अर्ज भरू लागत नाहीत तोवर ही काढू नये, नाहीतर बाजाराच्या दिवशी केंद्र बंद पडेल.'

टॉवर आजही उभा राहिलेला नाही.

जुन्या यंत्राचे उत्पादन थांबले होते आणि कंपनीने त्याचे सुरक्षेचे अद्ययावतीकरणही बंद केले. ते बदलणे आवश्यकच होते. त्याबद्दल काकासह कोणाचे दुमत नव्हते. नवे यंत्र आले. त्यातले सॉफ्टवेअर दोन पिढ्या पुढचे असल्यामुळे जुनी फाइल त्याला जशीच्या तशी वाचता येत नव्हती. ती आधी मधल्या आवृत्तीत नेऊन, मग बदलून, मग चढवायची होती. हे काम पुण्याच्या एका तज्ज्ञाला दिले गेले. तो यवतमाळला दोनदा आला. बाकी काम त्याने पडद्यावरून केले. माणूस सभ्य होता आणि वेळेवर फोन उचलत असे. त्याने एक तक्ता मागवला. प्रत्येक नियमाला एक रांग, आणि शेवटच्या रकान्यात नियमाचा हेतू, एका ओळीत. नव्या यंत्रातल्या चौकटीत एवढीच अक्षरे मावतात, असे त्याने कळवले.

काकाने तक्ता भरायला नकार दिला. "एका ओळीत मावलं असतं तं मी तीन ओळी कायले लिहिल्या असत्या?" एवढे म्हणून तो आपल्या कामाला लागला. विभागप्रमुखांनी तक्ता माझ्याकडे दिला. मला संपादनाचा अनुभव होता.

बातमी लिहिण्याची एक रीत आहे. सर्वांत महत्त्वाचे सर्वांत वर, त्याहून कमी महत्त्वाचे त्याखाली. जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतो आणि बातमी तरीही उभी राहते. मी चौदा वर्षे खालून कापत आलो होतो. काकाच्या नोंदी बातम्या नव्हत्या. तो इथल्या माणसांसारखा लिहीत असे. आमच्याकडे आलेला माणूस तासभर पाऊसपाण्याचे बोलतो आणि खरे काम दारात चप्पल घालताना सांगतो. काकाच्या प्रत्येक नोंदीत जपायची गोष्ट शेवटच्या ओळीत होती. मी दोन दिवसांत दोनशे बारा नोंदी खालून कापल्या. दारव्ह्याच्या रांगेत दोन शब्द उरले: 'तात्पुरती सवलत.' मला ते नेटके वाटले होते.

तज्ज्ञाने तक्त्यात 'तात्पुरती' हा शब्द शोधला. तो ज्या ज्या रांगेत आला ती रांग त्याने काढून टाकायची म्हणून लाल केली आणि तक्ता मंजुरीला पाठवला. नव्या यंत्रात जुना कचरा नेऊ नये, हे तत्त्व म्हणून चुकीचे नाही. मंजुरीसाठी चार नावे होती. विभागप्रमुखांचे होते, प्रशासनाचे होते, तज्ज्ञाचे होते, 'तपासले' या शब्दासमोर माझे होते. फाइल ज्याने लिहिली त्याचे नाव यादीत नव्हते. यादी करणाऱ्याला हे विचारले तेव्हा त्याने सांगितले की काकाचे पद त्या श्रेणीत बसत नाही.

रविवारी सकाळी आठ वाजता जुने यंत्र काढले आणि दुपारी दोनपर्यंत नवे सुरू झाले. चाचणी म्हणून तज्ज्ञाने आपल्या लॅपटॉपवरून संकेतस्थळाचे प्रत्येक पान उघडले. नंतर एका फोनवरून उघडले. सर्व पाने उघडली. अहवालात 'चाचणी पूर्णतः यशस्वी' असे लिहिले गेले, आणि ते लिहिणारा मी होतो. एका माणसाने एका जागी बसून एकेक पान उघडल्यावर ते उघडते, एवढेच त्या दिवशी सिद्ध झाले होते. ज्या दिवशी पन्नास माणसे एका दुकानात येतात त्या दिवसाची चाचणी घ्यावी, असे कोणाच्या मनात आले नाही. काकाच्या आले होते. त्याला त्या दिवशी बोलावले नव्हते.

त्यानंतरच्या पहिल्याच बाजारी जे झाले ते वर आले आहे. एका अर्जाची सात पाने असतात आणि सहा कागद जोडावे लागतात. यंत्राच्या दृष्टीने प्रत्येक पान आणि प्रत्येक कागद ही वेगळी मागणी. बाई एका लॅपटॉपवर आणि तिचा भाऊ दुसऱ्यावर अर्ज भरत होते. नव्या यंत्राची मर्यादा कारखान्यातून ठरून आलेली होती. ती ओलांडली गेली आणि यंत्राने हल्ल्याचा तयार मजकूर प्रशासनाला पाठवला. प्रशासनाने वीस मिनिटांत लॉगिन बंद केले. बाईचा फोन क्रमांक त्याच नोंदीत, शेजारच्या रकान्यात होता. त्यावर फोन कोणी केला नाही. तिने मात्र संस्थेत तीन वेळा केला. तिसऱ्या वेळी तिला फोनवर काका भेटला, पण नव्या यंत्राला हात लावायचा अधिकार त्याच्याकडे राहिला नव्हता. संध्याकाळपर्यंत थांबून माणसे बाजार न करताच जीपमध्ये बसली, असे तिने नंतर सांगितले.

चौथ्या दिवशी तिला यवतमाळला बोलावण्यात आले. तांडा ते दारव्हा जीप, दारव्हा ते यवतमाळ एसटी. सोबत तिची आई होती. अकराला बोलावून दोघींना दोनपर्यंत बाहेरच्या बाकावर बसवले. खोलीत विभागप्रमुख, काका आणि इतिवृत्त लिहायला मी, तज्ज्ञ पडद्यावर. टेबलावर हमीपत्र टाइप करून ठेवलेले होते.

विभागप्रमुखांनी बसायला सांगितले, चहा मागवला, आणि ही केवळ औपचारिकता आहे, सही झाली की आजच लॉगिन सुरू होईल, असे समजावले. तिने कागद दोनदा वाचला.

"यात लिहेल हाय का असा प्रकार पुन्हा होनार नाही. कोनता प्रकार?"

"तोच, ताई. त्या दिवशीचा."

"त्या दिवशी मी अर्ज भरून राह्यली होती. पुढच्या बाजारी बी भरनार हाय. मंग हे खोटं कायले लिहून देऊ?"

विभागप्रमुखांनी पडद्याकडे पाहिले. तज्ज्ञाने शांतपणे सांगितले की आलेल्या मागण्यांचा वेग हल्ल्यासारखा होता आणि यंत्राचा त्यात दोष नाही. "मॅडम, सिस्टिमला माणसं दिसत नाहीत. फक्त रिक्वेस्ट दिसतात."

"मले तं दिसत होती," ती म्हणाली. "मले एक फोन केला असता तं मोजून सांगतली असती."

काका इतका वेळ खिडकीशी उभा होता. "जुन्या मशीनले बारा वर्षं दिसत होती," तो म्हणाला. "नव्याले चष्मा लागलेला दिसते."

तज्ज्ञ यावर हसला नाही. जुन्या यंत्रातली ती सवलत संस्थेनेच तात्पुरती म्हणून नोंदवली होती आणि काढण्याला संस्थेनेच मंजुरी दिली होती, असे म्हणून त्याने तक्ता पडद्यावर आणला. एकशे सत्तेचाळिसावी रांग. 'तात्पुरती सवलत.' त्याचे म्हणणे कागदोपत्री अचूक होते.

काकाने जवळ येऊन वाचले आणि ही नोंद आपली नाही, आपल्या तीन ओळी होत्या, असे सांगितले. विभागप्रमुखांनी मूळ नोंद कुठे आहे, असे विचारले. ती माझ्याकडे होती. मी ती वाचून दाखवली, तिन्ही ओळी, आणि मागच्या दोन मी कापल्या असे सांगितले. बाईने आईला गोर बोलीत काहीतरी सांगितले. काय झाले ते सांगत असावी. आईने माझ्याकडे पाहिले आणि चहाचा कप खाली ठेवला.

मग बाईने मला विचारले, "भाऊ, जागा कमी होती म्हनून कापलं का तुमी?"

मी हो म्हणालो.

"मंग 'तात्पुरती' कापाचं होतं."

चौदा वर्षांत एकाही संपादकाने माझी चूक इतक्या थोडक्यात दाखवली नव्हती. त्या तीन ओळींत काढण्यासारखा एकच शब्द होता आणि मी नेमका तो ठेवला होता.

तिने सही केली नाही. साडेतीनची एसटी होती; दोघी निघून गेल्या. त्यानंतर तज्ज्ञाने सवलतीचा नियम नव्या यंत्रात पुन्हा घातला. त्याला चार मिनिटे लागली. ज्या कामाला चार मिनिटे लागतात त्यासाठी एक बाई आणि तिची आई दिवसभराचा प्रवास करून आल्या, तीन तास बाकावर बसल्या आणि रिकाम्या हाताने गेल्या, कारण लॉगिन सुरू करणे हा प्रशासनाचा विषय होता आणि प्रशासनाला सही हवी होती.

त्या दिवसाच्या इतिवृत्तात मी लिहिले की नोंद मी कापली, मंजुरी चौघांनी दिली, आणि केंद्रचालक बाईंची कोणतीही चूक आढळली नाही. दुसऱ्या दिवशी ते दुरुस्त होऊन परत आले. माझ्या तीन वाक्यांच्या जागी एक वाक्य होते: 'नोंदी संक्षिप्त करताना काही तपशील राहून गेला.' कोणी कापले नव्हते, कोणी मंजूर केले नव्हते. तपशील आपल्या पायांनी मागे राहिला होता. बाईंविषयीचे वाक्य नव्हतेच. ते का काढले, असे मी विचारले. वादाचा मुद्दा वाढवू नये, असे उत्तर मिळाले. वाद कोणाशी, हे सांगितले गेले नाही. मी मूळ इतिवृत्तावर सही केली, दुरुस्त केलेल्यावर केली नाही. दोन्ही फायलीत लागली आहेत.

शेवटच्या बाजाराच्या आदल्या दिवशी लॉगिन सुरू करण्याचा निर्णय झाला. तो कोणाला पटल्यामुळे झाला नाही. वसतिगृहातल्या जागा भरायच्या होत्या आणि त्या तांड्यांवरून एरवी येणारे अर्ज आले नव्हते. आदेशाचे पत्र दुसऱ्या दिवशी मीच घेऊन दारव्ह्याला गेलो. पत्रात एक वाक्य जोडलेले होते: 'सदर केंद्रास ताकीद देऊन लॉगिन पूर्ववत करण्यात येत आहे.'

गल्लीत शिरताच रांग दिसली. या वेळी ती दुकानाच्या ओट्यावरून खाली उतरून शेजारच्या बांगड्यांच्या दुकानापर्यंत गेली होती. बाईचा भाऊ दुसऱ्या लॅपटॉपवर होता. मागच्या बाजारी परत गेलेली माणसे पुढे घेतली होती, हे तिने मला विचारण्याआधीच सांगितले. मी दोन तास बसलो आणि अर्ज मोजले. एकही अडला नाही. मोजणे ही माझी सवय आहे. त्या दिवशी ते माझे कामही होते.

दुपारी थोडी उसंत मिळाल्यावर मी पत्र दिले. तिने वाचले. शेजारी बसलेल्या आईने काय आहे म्हणून विचारले तर तिने तिला त्यांच्या बोलीत सांगितले. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने ते ऐकून काहीतरी शेरा मारला आणि चार-पाच जण माझ्याकडे पाहून हसले. काय म्हणाला, असे मी विचारले. बाई म्हणाली, "ते म्हनते, चोरी झाली तं ज्याचं गेलं त्यालेच धरून आनलं." मग तिने पत्राची घडी केली, लिफाफ्यात घातली आणि लिफाफा माझ्यापुढे ठेवला.

"हे तुमच्यापाशीच राहू द्या, भाऊ. ज्याची ताकीद हाय त्याले द्या."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने पुढच्या माणसाला हात करून बोलावले आणि त्याची पिशवी घेतली.

मी यवतमाळला येऊन अर्ज दिला की ताकीद चुकीच्या व्यक्तीला दिली गेली आहे, ती रद्द करून माझ्या नावे काढावी. पंधरा दिवसांनी उत्तर आले. कंत्राटी कर्मचाऱ्यास ताकीद देण्याची तरतूद नाही. पत्र परत घेण्याचीही नाही, कारण ते जावक झालेले आहे. संस्थेच्या वार्षिक अहवालात नव्या यंत्राचे कौतुक करणारा एक परिच्छेद आहे. त्यात रोखलेल्या हल्ल्यांचा आकडा दिला आहे: एक. तो काढावा म्हणून मी दोनदा लिहून दिले. एकदा प्रमुखांनी, हा फार बारीक मुद्दा आहे, असे सांगितले. दुसऱ्यांदा उत्तर आले नाही.

नव्या यंत्रात त्या नियमाखालची चौकट लहानच आहे. काकाने मला बोलावून, यात आता काय मावेल ते तूच सांग, म्हटले. आम्ही दोघांनी मिळून एक ओळ केली: 'तांड्यावर टॉवर येईपर्यंत काढू नये.' काका पुढल्या वर्षी निवृत्त होईल. ओळ राहील, असे धरून चाललो आहोत.

लिफाफा माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे. जावक नोंदवहीत त्या पत्रापुढे लाल शाईत 'पोचले' असा शेरा आहे. तो बरोबर आहे.